रोज दुपारी मंदावणारा आणि रीस्टार्टने सुधारणारा संगणक: पेजिंगच्या अंगाने केलेले निदान

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एक टॉवेल कारखाना आहे आणि त्याच्या कार्यालयातील संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. तेथील डिझाइन विभागातला एक संगणक जवळजवळ नऊ महिने एकाच तक्रारीने आजारी होता. सकाळी नऊ वाजता तो व्यवस्थित सुरू होई, जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणाची काही कुरकुर नसे, आणि साडेतीन-चारच्या सुमारास मात्र तो असा अडखळू लागे की माउस हलवल्यानंतर दोन-तीन सेकंदांनी पडद्यावरचा बाण हले, हार्ड डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला राही आणि टॉवेलची किनार आडवीची उभी करण्यासारख्या साध्या कामाला दहा-दहा मिनिटे लागत. रीस्टार्ट केले की सारे सुरळीत होई आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तेच सुरू होई. संगणकात ८ जीबी मेमरी, विंडोज १० आणि साधी फिरती हार्ड डिस्क होती. हीच लक्षणे मला नंतर इतर दोन ठिकाणीही दिसली, म्हणून निदानाची वाट सविस्तर लिहीत आहे.

तक्रार एप्रिलमध्ये सुरू झाली, त्यामुळे पहिला संशय साहजिकच उन्हावर गेला. सोलापुरात त्या दिवसांत दुपारचे तापमान चाळिशी ओलांडते, कारखान्याच्या हवेत सुताचे बारीक तंतू उडत असतात आणि ते पंख्याच्या पात्यांवर बसतात. आम्ही कॅबिनेट उघडून साफ केले आणि प्रोसेसरवरचा पेस्ट बदलला, तरी फरक पडला नाही. पुढे जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आठवड्यात संगणक एकदाही अडखळला नाही, तेव्हा हवेत गारवा आहे म्हणून तो नीट चालतो, हा समज उलट अधिकच घट्ट झाला. महिना संपण्यापूर्वीच, गारवा तसाच असताना, तक्रार परत आली. यात्रेच्या आठवड्यात हवामानाखेरीज आणखी एक गोष्ट वेगळी होती आणि ती आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नव्हती: त्या दिवसांत माल कमी बाहेर पडला होता. ही बाब महत्त्वाची का ठरली, ते पुढे येईल.

दरम्यानच्या काळात कोणीतरी सल्ला दिला की, पेज फाइल (मेमरीतून काढलेला डेटा विंडोज डिस्कवर ज्या फाइलीत ठेवते ती) बंद करा, म्हणजे डिस्कवरची ये-जा थांबेल आणि संगणक पळेल. त्यानुसार ती बंद केली गेली. एक-दोन दिवस संगणक हलका वाटला. तिसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास डिझाइनचे सॉफ्टवेअर मेमरी अपुरी असल्याचा संदेश देऊन बंद पडले आणि सकाळपासून जतन न केलेले काम गेले. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो आणि इतका घातक आहे की, तो का चुकतो हे समजण्यासाठी मुळापासून सुरुवात करणे मला आवश्यक वाटते.

प्रत्येक प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्र पत्त्यांचा एक विस्तीर्ण पट्टा दाखवते. हे पत्ते आभासी असतात, म्हणजे मेमरीच्या चिपवरील खऱ्या जागांशी त्यांचा थेट संबंध नसतो. हा पट्टा समान आकाराच्या तुकड्यांत विभागलेला असतो आणि आपल्या नेहमीच्या संगणकांत असा एक तुकडा, म्हणजे एक पेज, ४०९६ बाइटचे असते. खरी मेमरीही तेवढ्याच आकाराच्या फ्रेममध्ये विभागलेली असते. कोणते पेज कोणत्या फ्रेममध्ये आहे याची नोंद पेज टेबलमध्ये राहते. ६४ बिटच्या प्रचलित इंटेल आणि एएमडी प्रोसेसरमध्ये ही नोंद प्रायः चार पातळ्यांची असते: पत्त्यातील ४८ बिटांपैकी शेवटचे १२ बिट पेजच्या आतली जागा सांगतात आणि उरलेले ३६ बिट नऊ-नऊच्या चार गटांनी एकेका पातळीवरची नोंद निवडतात. दर वेळी चार पातळ्या उतरणे परवडणारे नसते, म्हणून नुकत्याच वापरलेल्या पेज-फ्रेमच्या जोड्या प्रोसेसर टीएलबी नावाच्या लहानशा जलद साठ्यात ठेवतो.

कल्पना जुनी आहे. मँचेस्टरमधील अ‍ॅटलस संगणकात १९६२ साली ५१२ शब्दांची पेजेस होती, १६,३८४ शब्दांची मुख्य मेमरी होती आणि फिरत्या चुंबकीय ड्रमवर ९८,३०४ शब्द राहत होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र हे सारे एकाच सलग मेमरीसारखे दिसत होते. आजही व्यवस्था तत्त्वतः तीच आहे.

आता आमच्या कामाचे उदाहरण घेतो. टॉवेलचे एक मोठे डिझाइन १२,००० पिक्सेल रुंद आणि ८,००० पिक्सेल उंच असेल आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागत असतील, तर एका प्रतीला ३८,४०,००,००० बाइट, म्हणजे बरोबर ९३,७५० पेजेस लागतात. सॉफ्टवेअरने एवढी मेमरी मागितली की विंडोज त्याला पत्ते देते आणि एवढी जागा पुरवण्याची हमी नोंदवते, पण फ्रेम लगेच देत नाही. एखाद्या पेजला पहिल्यांदा हात लागतो तेव्हा पेज टेबलमध्ये त्याची जागा रिकामी आढळते, प्रोसेसर पेज फॉल्ट उठवतो, ऑपरेटिंग सिस्टिम शून्यांनी भरलेली एक फ्रेम शोधून नोंद करते आणि अडलेली सूचना पुन्हा चालवली जाते. हा फॉल्ट किरकोळ असतो, कारण त्यात डिस्कला हात लागत नाही. पेज पूर्वी मेमरीतून काढून डिस्कवर ठेवलेले असेल तर मात्र ते तेथून आणावे लागते. विंडोज त्याला हार्ड फॉल्ट म्हणते आणि आपली दुपार त्यातच जाते.

या दोहोंतील अंतर किती आहे, हे आकड्यांत पाहिलेले बरे. मेमरीतून एक वाचन साधारण १०० नॅनोसेकंदांत होते. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला नुसती अर्धी फेरी पुरी करायला ४ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि वाचणारे डोके योग्य जागी नेण्याचा वेळ त्यात मिळवला की एक वाचन १० मिलिसेकंदांच्या घरात जाते. म्हणजे अंतर सुमारे एक लाख पटींचे झाले. सॉलिड स्टेट डिस्कवर तेच वाचन साधारण एक दशांश मिलिसेकंदात होते, तरी मेमरीच्या तुलनेत ते हजार पट मंदच राहते.

आमच्या डिझाइनरची एक तक्रार मला सुरुवातीला पटली नव्हती. ते म्हणत, “सर, आडवी पट्टी रंगवताना काही होत नाही, उभी रंगवायला घेतली की संगणक बसतो.” मला तो भास वाटला होता. हिशेब केल्यावर कळले की त्यांचे निरीक्षण बिनचूक होते. चित्र मेमरीत ओळीने साठवलेले असते, त्यामुळे बाण्याच्या दिशेने, म्हणजे आडव्या ओळीने जाताना ४८,००० बाइटची एक ओळ सुमारे १२ पेजेसमध्ये संपते. ताण्याच्या दिशेने, म्हणजे उभ्या स्तंभाने जाताना पुढचा पिक्सेल ४८,००० बाइट पलीकडे असतो, म्हणून प्रत्येक पिक्सेल नव्या पेजमध्ये पडतो. एका स्तंभातले पिक्सेल सगळे मिळून ३२,००० बाइटचे, पण त्यांसाठी ८,००० पेजेस, म्हणजे सुमारे ३२ एमबी मेमरी एकाच वेळी हाताशी असावी लागते. ती हाताशी राहिली तर शेजारच्या शेकडो स्तंभांचे काम त्याच पेजेसमध्ये होते, कारण एका पेजमध्ये १,०२४ पिक्सेल मावतात. पण मेमरीची चणचण असेल आणि स्तंभ संपेपर्यंत त्याची वरची पेजेस बाहेर काढली गेली असतील, तर पुढच्या स्तंभासाठी ती सारी पुन्हा डिस्कवरून मागवावी लागतात. वाईटात वाईट स्थितीत, जेव्हा प्रत्येक पेज वेगळ्या वाचनाने येते, ८,००० वाचने प्रत्येकी १० मिलिसेकंदांनी म्हणजे एका स्तंभाला ८० सेकंद होतात. प्रत्यक्षात विंडोज काही पेजेस एकगठ्ठा आणते आणि चांगले लिहिलेले सॉफ्टवेअर चित्र लहान चौकोनांत तोडून काम करते, तरीही संगणक नेमका या कामाला का बसत होता, ते यातून स्पष्ट होते.

एखाद्या प्रोग्रामला ठरावीक कालावधीत खरोखर लागणाऱ्या पेजेसच्या समूहाला वर्किंग सेट म्हणतात. ही संकल्पना पीटर डेनिंग यांनी १९६८ साली मांडली. चालू असलेल्या सर्व प्रोग्राम्सचे वर्किंग सेट मिळून मेमरीत मावत असतील, तर डिस्कवर कितीही पेजेस पडून असली तरी वापरणाऱ्याला काही जाणवत नाही. ते मावेनासे झाले की प्रत्येक जण दुसऱ्याचे पेज बाहेर काढून आपले आत आणतो, लगेच दुसरा तेच करतो, आणि प्रोसेसर जवळजवळ मोकळा असताना संगणक ठप्प होतो. यालाच थ्रॅशिंग म्हणतात. ही स्थिती हळूहळू येत नाही. मर्यादा ओलांडताच ती कड्यावरून पडल्यासारखी येते, म्हणूनच साडेतीनपर्यंत ठीक आणि चार वाजता अशक्य, असे चित्र दिसते.

पेज फाइल बंद केल्याने डिस्कवरची ये-जा थांबते, हा समज दोन कारणांनी चुकीचा आहे. पहिले असे की, प्रोग्रामचा कोड आणि वाचण्यासाठी उघडलेल्या फाइली पेज फाइलमध्ये जातच नाहीत. त्यांची मूळ प्रत डिस्कवर असल्यामुळे गरज पडली की विंडोज ती पेजेस नुसती टाकून देते आणि नंतर मूळ फाइलीतून परत वाचते. पेज फाइल नसली की सकाळपासून न वापरलेला प्रोग्रामचा स्वतःचा डेटा मेमरीतच अडकून राहतो आणि सतत लागणारा कोड मात्र बाहेर टाकला जातो, म्हणजे उलट चुकीची पेजेस बाहेर जातात. दुसरे कारण हमीचे आहे. विंडोजने दिलेल्या सर्व हमींची बेरीज, जिला टास्क मॅनेजरमध्ये कमिटेड म्हटले आहे, मेमरी आणि पेज फाइल यांच्या एकत्रित आकारापलीकडे जाऊ शकत नाही. पेज फाइल काढल्यावर आमची मर्यादा ८ जीबीच्याही किंचित खाली आली, आणि मेमरीत जागा शिल्लक दिसत असतानाही पुढची मागणी नाकारली गेली.

येथे मला जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो असा की, संगणक मंदावणे आणि मेमरी अपुरी असल्याचा संदेश येणे हे दोन निरनिराळे आजार आहेत. पहिल्यात फ्रेम कमी पडतात, दुसऱ्यात हमी कमी पडते. एकाचे औषध दुसऱ्याला दिले की आजार वाढतो आणि आमच्याकडे नेमके तेच झाले होते.

पेज फाइल पुन्हा सुरू करून मी मोजमापाला बसलो. टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावरील मेमरीचा स्तंभ पाहून कोणीही संशयित वाटत नव्हते: डिझाइनचे सॉफ्टवेअर सर्वांत वर, त्याखाली ब्राउझर, मग हिशेबाचे सॉफ्टवेअर, आणि खूप खाली लेबल छापणारा एक लहान सहायक प्रोग्राम १४० एमबीवर. तो स्तंभ फसवा आहे, कारण त्यात त्या क्षणी मेमरीत असलेला भागच मोजला जातो. जो प्रोग्राम मेमरी घेतो आणि तिला पुन्हा कधी हातच लावत नाही, त्याची पेजेस विंडोज सर्वांत आधी डिस्कवर पाठवते, आणि अशा रीतीने गळती करणारा प्रोग्राम या यादीत गरीब दिसतो. खरे चित्र पाहण्यासाठी डिटेल्स या पानावर जावे, स्तंभांच्या शीर्षकावर उजवी कळ दाबून स्तंभ निवडण्याच्या यादीतून कमिट साइज चालू करावे आणि त्यानुसार क्रम लावावा. तसे केल्यावर तोच १४० एमबीचा प्रोग्राम दुपारी चार वाजता २.९ जीबीवर आढळला.

मी दर तासाला आकडा वहीत लिहिला. सकाळी तो ९० एमबी होता आणि पुढे घड्याळाप्रमाणे न वाढता छापलेल्या लेबलांच्या संख्येप्रमाणे वाढत होता, प्रत्येक लेबलामागे जवळपास ३ एमबी. लेबलाचे चित्र तयार करून छापल्यावर ती मेमरी परत केली जात नव्हती. यात्रेच्या आठवड्यात माल कमी गेला, म्हणून लेबले कमी छापली गेली, म्हणून संगणक अडखळला नाही, आणि आम्ही त्याचे श्रेय गारव्याला दिले होते.

गळती झालेली पेजेस स्वतः परत मागितली जात नाहीत, मग त्यांनी वेग का कमी व्हावा, असा प्रश्न येथे रास्त आहे. प्रत्येक नवे लेबल सुमारे साडेसातशे नव्या फ्रेम मागत होते. त्या मिळवण्यासाठी विंडोजला कोणाची तरी पेजेस बाहेर काढावी लागत आणि कोणते पेज पुढे लागणार नाही हे तिला नक्की ठाऊक नसते. ती अलीकडच्या वापरावरून अंदाज बांधते. त्यात डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ववत करण्याच्या दहा पायऱ्या ठेवलेल्या होत्या आणि ते प्रत्येक पायरीला चित्राची पूर्ण प्रत राखत होते, म्हणजे ३.८ जीबी तिथेच गुंतलेले. नुसती गळती असती तर संध्याकाळपर्यंत कोणाला काही कळले नसते, आणि नुसत्या दहा पायऱ्या असत्या तर ८ जीबीत जेमतेम भागले असते. दोन्ही एकत्र आल्यावर, एकाच फिरत्या डिस्कवर बाहेर जाणारी आणि आत येणारी पेजेस एकमेकांच्या वाटेत येऊ लागली.

हे थ्रॅशिंगच आहे याची खात्री रिसोर्स मॉनिटरमधील मेमरीच्या पानावर होते. तेथे हार्ड फॉल्टचा सेकंदाला किती हा स्तंभ पाहावा. एखादा प्रोग्राम उघडताना तो आकडा उसळणे स्वाभाविक आहे, कारण कोडही याच मार्गाने मेमरीत येतो; पण नवे काही उघडलेले नसताना तो अनेक मिनिटे शेकड्यांत राहिला आणि त्याच वेळी प्रोसेसर मोकळा दिसला, तर निदान पक्के समजावे. हमी संपल्याच्या घटनेची नोंद निराळ्या ठिकाणी मिळते: इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जखालील सिस्टिममध्ये रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर या स्रोताची २००४ क्रमांकाची नोंद शोधावी. तिच्यात त्या वेळी सर्वाधिक आभासी मेमरी घेतलेल्या प्रोग्राम्सची नावे आकड्यांसह दिलेली असतात. आमच्या संगणकात अशा नोंदी कित्येक दिवस आधीपासून होत्या आणि त्यांत लेबलाच्या प्रोग्रामचे नाव होते. ती नोंद मी पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती.

उपायांचा क्रमही महत्त्वाचा आहे. मेमरी वाढवणे हा पहिला विचार बहुतेकांच्या मनात येतो, परंतु गळती असताना मेमरी दुप्पट केली तर तक्रार चारऐवजी उशिरा येते, आणि संगणक रात्रभर चालू ठेवला तर दुसऱ्या दिवशी सकाळीच येते. म्हणून आम्ही प्रथम जेवणाच्या सुट्टीत लेबलाचा प्रोग्राम आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल, अशी वेळ टास्क शेड्युलरमध्ये लावली. प्रोग्राम बंद होताच त्याची सारी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते, त्याने स्वतः ती सोडली असो वा नसो. नंतर पुरवठादाराकडून नवी आवृत्ती मिळाली आणि तिच्यात प्रत्येक लेबलामागची वाढ थांबली. पूर्ववत करण्याच्या पायऱ्या दहावरून चारवर आणल्या. पेज फाइलचा आकार विंडोजवरच सोपवला, कारण तसे केल्यास ती गरजेनुसार वाढते. ८ जीबी मेमरीला ही वाढ मेमरीच्या तिप्पट, म्हणजे २४ जीबीपर्यंत जाऊ शकते, मात्र ज्या विभागावर ती आहे त्याच्या एकूण आकाराच्या एक अष्टमांशापलीकडे ती जात नाही. लहान सॉलिड स्टेट डिस्क बसवणाऱ्यांनी ही दुसरी अट ध्यानात ठेवावी. आम्ही सॉलिड स्टेट डिस्क बसवली, पेज फाइल तिच्यावर नेली आणि सर्वांत शेवटी मेमरी १६ जीबी केली. प्रामाणिकपणे सांगायचे तर, पहिल्या तीन उपायांनंतरच चार वाजताची तक्रार बंद झाली होती.

ज्यांच्याकडे कमिट साइजच्या यादीत कोणीच दोषी सापडत नाही, त्यांनी एक चाचणी करावी. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केले की आपले प्रोग्राम बंद होतात, पण ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्राम) यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत आणली जाते. रीस्टार्ट केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. तेव्हा तक्रार रीस्टार्टने जात असेल आणि शट डाउनने जात नसेल, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या आलेखाखालील नॉन-पेज्ड पूलचा आकडा दिवसभर पाहावा. त्या पूलमधील मेमरी डिस्कवर पाठवताच येत नाही, त्यामुळे तेथील गळती अधिक जाचक असते.

त्याच कार्यालयात फाइली साठवणारा एक लिनक्स संगणक आहे आणि त्याच्याविषयीचा गोंधळ उलट प्रकारचा होता. तेथे फ्री या आज्ञेत मोकळी मेमरी फार थोडी दिसते, म्हणून मालक काळजीत होते. लिनक्स रिकामी मेमरी वाचलेल्या फाइलींच्या प्रतींसाठी वापरते आणि गरज पडताच ती सोडते, त्यामुळे फ्रीऐवजी अव्हेलेबल हा स्तंभ पाहावा. स्वॅपमध्ये, म्हणजे लिनक्सच्या पेज फाइलसारख्या डिस्कवरील जागेत, काही मेमरी गेलेली असणे हाही दोष नव्हे. व्हीएमस्टॅट ही आज्ञा एका सेकंदाच्या अंतराने चालवून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या स्वॅपचे दोन स्तंभ पाहावेत. ते सतत शून्यापाशी असतील तर स्वॅपमधली पेजेस तेथे निवांत पडलेली आहेत. दुसरा फरक हमीचा आहे. लिनक्स नेहमीच्या मांडणीत आपल्या ऐपतीपेक्षा अधिक हमी देते आणि खरोखर फ्रेम व स्वॅप दोन्ही संपले की एखादा प्रोग्राम निवडून त्याला थेट मारते. म्हणून तेथे मेमरी अपुरी असल्याचा संदेश न दिसता एखादी सेवा नाहीशी झालेली आढळते आणि कारण कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदींत मिळते.

डिझाइन विभागातल्या त्या संगणकावर कमिट साइजचा स्तंभ मी आता कायम चालू ठेवला आहे, आणि डिझाइनर स्वतः रोज चार वाजता लेबलाच्या प्रोग्रामचा आकडा वहीत लिहितात. मागील आठवड्यातला सर्वांत मोठा आकडा ११० एमबी होता.